बाराव्या स्टुलाचं शून्य

रामटेके सर गेले त्या दिवशी सकाळी मी वसतिगृहाच्या नळावर शर्ट धूत होतो. कॉलेजचे शिपाई गेडामभाऊ सायकलवरून आले आणि सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "शर्ट वाळू घाल आन् चाल. सर पहाटे… नाई राह्यले." मी शर्ट पिळला, तारेवर टाकला, त्याच्या बाह्या सरळ केल्या. एवढं सगळं मी शांतपणे केलं, हे नंतर आठवून मला लाज वाटली.

त्याला आता सहा आठवडे झाले. कॉलेजच्या अंकाच्या या पुरवणीसाठी सरांबद्दल लिही, असं आमच्या मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. मला लिहिता येतं की नाही, मला माहीत नाही. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिला, आणि पत्रापलीकडे आमच्याकडे कोणी काही लिहिलेलं नाही. शिवाय सरांबद्दल लिहायचं तर माझी एक चूक सांगावी लागते. ती वगळून लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग ते सरांबद्दलचं राहिलं नसतं.

सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. मूळचे पोंभुर्ण्याकडचे. नागपूरला एम.एस्सी. करताना एका उन्हाळ्यात त्यांनी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम केलं होतं, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभं राहून. पुढे चंद्रपूरला नोकरी लागली आणि कॉम्प्युटर सुटला. म्हणजे हातातून सुटला, डोक्यातून नाही. वाचनालयात पेपर आला की ते आधी त्याचीच बातमी शोधायचे. हवामानाला, शास्त्रज्ञांना लागणारं फार मोठं गणिती यंत्र बाहेरचा देश आपल्याला द्यायला तयार नाही, दिलं तरी हजार अटी घालतो, म्हणून आता आपणच ते बांधणार आणि पुण्याला काम सुरू होतंय, ही बातमी त्यांनी वर्गात आणून मोठ्यानं वाचली. आमच्यापैकी कोणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. सर म्हणाले, "एक फार हुशार माणूस ते आपल्याला देत नाहीत. ठीक आहे. आपण पुष्कळ साधी माणसं एकत्र बसवू. प्रत्येकाला गणिताचा लहानसा तुकडा देऊ आणि शेजाऱ्याशी बोलायला शिकवू. तसं यंत्र बांधताहेत तिकडे." मागून दिलीप म्हणाला, "सर, आपल्या कॉलेजात कॅलक्युलेटर एकच आहे, आन् तो बी ऑफिसात कुलपात." सगळे हसले. सरही हसले. मग वर्गाबाहेरच्या भाषेत म्हणाले, "कॅलक्युलेटर कशाले पाहिजे? तुमी चोवीस जण आहा ना."

आणि खरंच त्यांनी आमचं यंत्र केलं. प्रयोगशाळेतली चोवीस स्टुलं व्हरांड्यात एका ओळीत मांडली, प्रत्येकावर खडूनं आकडा टाकला. ही ओळ म्हणजे एक लोखंडी सळई. तिचं डावं टोक उकळत्या पाण्यात, उजवं बर्फात. उष्णता सळईतून कशी पुढे सरकते ते काढायचं. एका मोडक्या तराजूचं पितळी पारडं सरांनी दोरीला टांगलं होतं, ती आमची घंटा. घंटा झाली की डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याकडून आलेले दोन आकडे मिळवायचे, बेरीज निम्मी करायची, दशांशानंतर दोनच घरं ठेवायची, तिसऱ्या घरात पाच आले तर वरचा आकडा धरायचा. तो आपला नवा आकडा. तो दोन चिठ्ठ्यांवर लिहून एक चिठ्ठी डावीकडे, एक उजवीकडे द्यायची आणि पुढच्या घंटेची वाट पाहायची. घंटा झाल्याशिवाय कोणी लिहायचं नाही, हा सरांचा कडक नियम. डाव्या टोकाला गेडामभाऊ बसायचे. त्यांचं काम म्हणजे दर घंटेला पहिल्या स्टुलाला 'शंभर' लिहिलेली चिठ्ठी द्यायची. "तुमाले काई येत नाई, मी पाहा, दर खेपेले शंभर," असं ते आम्हाला चिडवायचे.

माझं स्टूल बारावं. सुरुवातीला सगळी सळई थंड, म्हणून सगळ्यांचा आकडा शून्य. पहिल्या घंटेला पहिल्या स्टुलावर पन्नास येत, दुसऱ्या घंटेला दुसऱ्यावर पंचवीस… अशी ती उष्णता एकेक स्टूल पुढे यायची. सरावात सर दहाव्या घंटेपुढे जाऊ देत नसत. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित करून दाखवणं म्हणजे पाठांतर, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्ण गणित पाहुण्यांसमोर एकदाच करायचं. पाहुणे म्हणजे सरांचे एम.एस्सी.चे वर्गमित्र, मुंबईत संशोधन करणारे. नागपूरला ते कामासाठी येणार होते, तिथून एका शनिवारी चंद्रपूरला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मुलं तयारीची वाटली तर दोघांना प्रशिक्षणासाठी शब्द टाकीन, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. सरांनी ते पत्र आम्हा सगळ्यांना वाचायला दिलं. इतक्या वेळा हातोहात फिरलं की घडीवर फाटलं. इथून दोन मुलं त्या कामात जावीत, सरांना दुसरं काही नको होतं. स्वतः जायचं वय गेलं, असं ते म्हणत. वय होतं एकेचाळीस.

सरावाच्या त्या दहा घंट्यांत मी दहा वेळा शून्य लिहिलं. रोज तेच. डावीकडून शून्य, उजवीकडून शून्य, निम्मं शून्य. मग घरून निरोप आला की बाबांची पाठ धरली आहे, धानाच्या रोवणीला हात कमी पडताहेत. मी विचार केला, माझ्या जागी शून्यच तर आहे, मी नसलो तर काय बिघडतं. सरांना न विचारता मी चांदा फोर्ट स्टेशनवरून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो आणि नागभीडच्या अलीकडे उतरून गावी गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी आई, मावशी आणि मोहल्ल्यातल्या बाया चिखलानं भरलेल्या बांधीत ओणव्या होत्या, मी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या टाकत होतो. धुऱ्याच्या बांधावरून चपला हातात घेऊन कोणी येताना दिसलं. सर होते. स्टेशनपासून चिखलातून चालत आले होते. नंतर गेडामभाऊंकडून कळलं की, बारावं स्टूल काढून तेविसांवर भागवू, असं दिलीपनं सुचवलं होतं. त्यावर सर म्हणाले होते, "त्याच्या घरी काम आहे म्हणून सळई तोडू काय?"

ते मला रागावले नाहीत. धुऱ्यावर बसले, पाय धुतले, काऊन आलास एवढंच विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं की, सर, माझं शून्यच येते, अकराव्यानं तेराव्याले शून्य देल्लं तरी चालते. सरांनी बांधीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू शून्य लिहितोस तवा शेजाऱ्याले कळते का, इथवर अजून काई आलं नाई. तू नसला त त्याले काईच कळत नाई. तो थांबते. त्याच्या मांग सारे थांबतात. शून्य आन् रिकामं स्टूल एक नाई, बाबू." आणि पुढे, "त्या पुण्याच्या मशीनीत आपल्या जिल्ह्याचं अजून शून्य बी नाई. रिकामं स्टूल आहे."

आई जवळ आली. तिला सगळं कळलं नाही, पण सर मला न्यायला आले एवढं कळलं. ती म्हणाली, "दोन दिस द्या सर, येवढी बांधी झाली का मी स्वतः गाडीत बसवतो त्याले." सर म्हणाले, मग मीही दोन दिवस राहतो. आणि पँट वर करून ते बांधीत उतरले. त्यांनी लावलेला पऱ्हा उपटून वर तरंगायचा. मावशी म्हणाली, "सर, तुमच्या हातचा धान पोहते बाप्पा." ते मोकळेपणी हसले. पण खरं म्हणजे ते लावत कमी आणि पाहत जास्त होते. बाया एका ओळीत ओणव्या होऊन आपापल्या पुढ्यात रोपं लावतात आणि सगळी ओळ एकदम मागे सरकते. एखादी मागे राहिली तर बाजूच्या दोघी तिच्या पुढ्यातलं थोडं लावून घेतात. सरांनी आईला विचारलं, "सरकायचं कोण सांगते? घंटा कोण वाजवते?" आई म्हणाली, "कोणी नाई वाजवत. बाजूवालीचा हात दिसते ना." सर तसेच चिखलात उभे राहिले. रात्री जेवताना त्यांनी ते वाक्य माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

आमच्याकडे मच्छरदाणी एकच. ती बाबांना होती. आईनं सरांना देऊ केली, त्यांनी घेतली नाही. दोन्ही रात्री ते आंगणात खाटेवर झोपले. मच्छर कुठलाही असू शकतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. चंद्रपुरातलाही असेल. मला ते खरं मानायचं आहे. आईलाही. ती आता कोणाजवळ काही बोलत नाही, पण गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा चुलीजवळ बसल्या बसल्या म्हणाली, "मी दोन दिस मांगतले नसते त…" आणि चुलीत लाकूड सारलं.

बारा दिवसांनी तो शनिवार आला. सर व्हरांड्यात आले ते शाल पांघरून, डोळे लाल. ताप आहे, असं दिसतच होतं. प्रभानं, ती अकराव्या स्टुलावर बसायची, घरी जा म्हणून विनवलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. अकरा वाजले, साडेअकरा झाले, पाहुणे येईनात. फाटकाकडे आम्ही सगळे पाहत होतो, सर एकदाही पाहत नव्हते. बाराला त्यांनी गेडामभाऊंना खूण केली आणि पारडं वाजवलं. कोणी पाहायला नव्हतं तरी आम्ही चोवीस जण त्या दिवशी जसे बसलो तसे कधीच बसलो नव्हतो. एक बेरीज चुकली नाही. पारडं दोरीनं हातात धरून सर प्रत्येक घंटेनंतर एकेक स्टूल पुढे चालत यायचे, उष्णतेबरोबर. दहावी घंटा झाली. सराव तिथंच संपायचा. अकरावी झाली तेव्हा ते प्रभाजवळ उभे होते. तिनं आकडा काढला आणि मला चिठ्ठी दिली: शून्य पूर्णांक शून्य पाच. माझ्या हातात शून्य नसलेला आकडा पहिल्यांदाच आला होता. मी वर पाहिलं. सर माझ्याकडे पाहून हसत होते. त्यांनी पारड्याकडे हात उचलला, आणि तो हात भिंत शोधायला लागला. गेडामभाऊंनी धरलं म्हणून ते पडले नाहीत.

मंगळवारी पहाटे ते गेले. हिवताप मेंदूत चढला होता.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी त्यांच्या पत्नीनं मला आत बोलावलं. त्या शनिवारच्या शर्टाच्या खिशात एक तार सापडली होती. पाहुण्यांना नागपूरहूनच परत फिरावं लागत होतं, येणं जमत नाही. तार शुक्रवारी संध्याकाळीच आली होती. बाई म्हणाल्या, "रातभर तापात होते. मी म्हटलं, आता कोणासाठी जाता? त म्हणे, पोरायचं गणित रायलं आहे."

पेपरात पुण्याच्या कामाच्या बातम्या येतात. मी त्या वाचतो. यंत्र होईल, असं वाटतं. आमच्या इथून त्यात कोणी जाईल, असं आता वाटत नाही. सरांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, दिलीप गावी परतला, प्रभाचं लग्न ठरलं. गावी सरांनी लावलेल्या कोपऱ्यातलं धान लोंबीवर आलंय, ओळ वाकडीच आहे.

परवा मी प्रयोगशाळेत गेलो होतो. स्टुलं एकावर एक रचून ठेवली आहेत, खडूचे आकडे अजून पुसलेले नाहीत. माझं स्टूल ओढून काढलं, व्हरांड्यात ठेवलं आणि त्यावर बसलो. प्रभाची चिठ्ठी माझ्या वहीत आहे. उजवीकडून शून्य आलं होतं. पाच अधिक शून्य, निम्मे अडीच, दोन घरांत तीन. शून्य पूर्णांक शून्य तीन. माझा आकडा मला त्या दिवसापासून माहीत आहे, पण बारावी घंटा झालेली नाही, म्हणून तो मी कुठं लिहिलेला नाही. बाजूवालीचा हात दिसला तर घंटा लागत नाही, असं आई म्हणाली होती. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग चिठ्ठी पुन्हा वहीत ठेवली आणि स्टूल आत नेऊन जागेवर रचलं.