घरी मागितलेले डबे

"मग आपटलास कशाला?" नवरा विचारत होता. "भरलेला डबा हलवायचा नाही, दाबायचा नाही, हे नव्या पोरींना तूच घसा फोडून सांगतेस ना?"

"जागा नव्हती म्हणून आपटला. दुसरा डबा असता तर मला काय हौस होती?"

"म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच!"

सासूबाईंनी चष्मा चढवला होता आणि सुनेचं बोट खिडकीतल्या उजेडाकडे वळवून त्या बघत होत्या. "कुठे आहे गं? मला तर काहीच दिसत नाही."

"दिसणारच नाही, आई. सुईचं भोक आहे ते."

"मग दिसत नाही त्याच्यावरून एवढी तणतण?"

तिने बोट सोडवून घेतलं. मोठी जखम असती, रक्त वाहिलं असतं, तर निदान कोणीतरी 'अरे बापरे' म्हणालं असतं.

ती पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर आणि तो त्याच हॉस्पिटलच्या स्टोअरचा प्रमुख. वापरलेल्या सुया टाकायला वॉर्डात जाड प्लास्टिकचा डबा असतो. तो पाऊण भरला की झाकण घट्ट लावून पाठवून द्यायचा आणि नवा उघडायचा, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम वॉर्डात तिच्याकडे होतं. वापरलेल्या सुईला परत टोपण घालताना कोणी दिसलं की ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायची. त्यामुळे समोर ती सिस्टर आणि पाठ वळली की टोपणबाई. हे तिला माहीत होतं, आणि आतून थोडं आवडायचंही.

नवे डबे स्टोअरमध्ये कुलपात असायचे. तपासणीला माणसं येणार असली की प्रत्येक वॉर्डात एकेक कोरा डबा यायचा आणि माणसांची गाडी फाटकाबाहेर पडली की तो परत जायचा. एरवी जुनाच डबा गळ्यापर्यंत भरेस्तोवर चालवायचा. टेबलावर दोनदा आपटला की सुया खाली बसतात आणि आणखी एक दिवस निघतो. ही युक्ती कोणी शिकवलेली नव्हती, पण सगळ्याच वॉर्डांत आपोआप रुजली होती. आज सकाळी टोपणबाईनेही तेच केलं. डबा आपटला, हातातली सुई आत टाकायला गेली आणि तोंडाशी आडवी अडकलेली दुसरीच सुई हातमोज्यातून तिच्या बोटात शिरली. कोणाची सुई, कोणत्या आजाराची, सांगणार कोण? त्या डब्यात अख्खा वॉर्ड होता.

तिने साबण लावून हात वाहत्या नळाखाली धरला. पुढची पायरी सरळ होती. कॅज्युअल्टीत जायचं, नोंद करायची, रक्त द्यायचं आणि डॉक्टर सांगतील त्या गोळ्या ताबडतोब सुरू करायच्या. तेवढ्यात मेट्रन आडव्या आल्या. फाटकाशी 'या वर्षातले अपघात' असा फळा होता. त्यावरची तारीख रोज खडूने बदलायचे, पण अपघातांचं शून्य मात्र ऑइलपेंटने रंगवलेलं होतं.

"आधी घरी बोलून घे," मेट्रन म्हणाल्या. "स्टोअर तुझ्याच घरात आहे."

आणि ती खरंच घरी आली होती. ड्युटी संपेपर्यंत इंजेक्शनं देत राहिली, मग घरी येऊन नवऱ्याची वाट बघत बसली. आता त्याच गोष्टीचा तिला सगळ्यांत जास्त राग येत होता.

"हे बघ," तो आवाज खाली आणत म्हणाला. "माझ्या ओळखीची लॅब आहे. दोन दिवसांनी जाऊ, गुपचूप तपासून घेऊ. काही निघणार नाही."

"दोन दिवसांनी काय निघणार? गोळ्या आजच सुरू करायला हव्यात. जितका उशीर, तितका त्यांचा उपयोग कमी. आणि नोंद केल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत."

"नोंद केलीस की पहिला प्रश्न येणार, डबा भरला होता तर नवा का नाही मागितला? तुझ्या वॉर्डाची एक तरी मागणी आली आहे का स्टोअरला? दाखव ना!"

कित्येक वर्षांत लेखी मागणी गेली नव्हती हे खरंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने वॉर्डाची चिठ्ठी पाठवली होती, तेव्हा तो फणफणत घरी आला होता. 'बायकोच चिठ्ठ्या पाठवायला लागली, लोक हसतात मला.' तेव्हापासून तिने चिठ्ठी लिहिली नाही. डबे, हातमोजे, जे काही संपेल ते ती घरी मागायची. त्याच्या हातात चहाचा कप देताना, त्याचा मूड बघून. तो म्हणायचा, "बघतो." इतर वॉर्डांच्या सिस्टर चिठ्ठ्या लिहून भांडायच्या आणि अधूनमधून का होईना, त्यांना डबे मिळायचे. टोपणबाईच्या वॉर्डाला 'बघतो' मिळायचं. नवऱ्याला त्रास नको म्हणून तिने आपल्या वॉर्डाचे डबे सर्वांत जास्त ताणले होते. स्टोअरच्या काटकसरीवर खूश होऊन आता त्याला खरेदी विभागाचा साहेब करणार होते.

"तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगाल?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"डब्यांबद्दल."

तो शर्टाचं बटण चाचपत राहिला. "जे आहे तेच सांगणार. मागणी आली नव्हती."

"बाबा!" आतल्या खोलीच्या दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. "काहीही काय? आईने परवासुद्धा मागितले होते. मी इथेच होते."

"तू अभ्यास कर."

"आजी, तू पण होतीस ना?"

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. "होते की. पण ते घरातलं बोलणं झालं, बाई. घरातलं बोलणं ऑफिसात नेतात का कोणी?"

"नेत नाहीत," तिचा नवरा लगेच म्हणाला. "तेच म्हणतोय मी. आणि तुझ्याच भल्याचं सांगतोय. नोंद केलीस तर तूच अडकशील."

"आणि नाही केली तर?"

"तर काय? काही होत नाही गं. रोज कितीजणींना टोचतं."

"बोट तुमचं असतं तर?"

"उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस."

ती उठली, पर्स घेतली आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. तो मागून "अगं, निदान मेट्रनला फोन तरी कर" असं काहीतरी म्हणत होता. ती वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. सकाळी पेशंटना गोळ्यांच्या वेळा सांगताना असायचा, तसाच होता.

"मी कॅज्युअल्टीत चालले आहे. नोंद करणार आहे. डबे घरी मागितले होते आणि ते घरीच नाकारले, असं त्यात लिहून देणार आहे. चिठ्ठी पाठवली नाही ही माझी चूक, तीही लिहीन. गोळ्या महिनाभर घ्याव्या लागतील आणि त्यांनी पोट ढवळतं म्हणतात. तेव्हा उद्यापासून सकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा."