सगुण गवसाची फुंक

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची कामगारांची बस चालवतो, तो सगुण गवस. उंची बेताची, पोट जरासं पुढे, शर्टाच्या खिशात कायम कंगवा. रस्त्यात म्हैस आडवी आली तर हा हॉर्न वाजवणार नाही. काच खाली करून "बाये, सर गो जरा" म्हणेल आणि ती सरेपर्यंत थांबेल. मागच्या बायका वैतागतात. पण एखाद्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला की त्याच बायका नाकं मुरडतात, आमचा सगुण कुठे म्हणून.

पण पूर्वी तो असा नव्हता, हेही सांगायलाच हवं. मूळचा दोडामार्गकडचा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला आणि सगुण काजूच्या फेणीत जो बुडाला, तो चार वर्षं वर आलाच नाही. त्याची बायको शुभांगी मये गावची. तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, माहेरी जाऊन बसून पाहिलं. शेवटी एका सकाळी तोच आपण होऊन देवळात गेला, गाऱ्हाणं घातलं आणि देवीसमोर कबूल झाला, की ह्यापुढे थेंब नाही. शुभांगी शेजारीच उभी होती. म्हणाली, "देवीन ऐकल्यान. पण माझ्या नाकाक पण कळाक व्हया."

तेव्हापासून त्या घराची एक रीत पडली. सगुण बाहेरून आला की उंबऱ्याबाहेर थांबायचं, चपला काढायच्या आधी तोंड उघडायचं आणि शुभांगीच्या तोंडावर "हा" करायचं. ती वास घेणार, "या" म्हणणार, मग हा आत. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही. तापाने फणफणत आला तेव्हाही त्याने आधी "हा" केला आणि मग अंथरूण धरलं. पाहुणे हसायचे. हसोत बापडे. तुम्हाआम्हाला यात अपमान वाटेल, सगुणला कधी वाटला नाही. तिने सोसलं त्यापुढे एक फुंक ती काय, असं तो म्हणायचा.

यंदाच्या एप्रिलात काय झालं, तर शुभांगीच्या भावाने, यशवंतने, आपल्या काजूच्या बागेतून नीरो पाठवला. नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. तोच आंबवून भट्टीवर चढवला की फेणी होते, पण ताजा असेपर्यंत लहान पोरंही पितात. चिमूटभर मीठ टाकलं की नीरो आंबत नाही, असं शुभांगीच्या आईचं ठाम मत. कोणी सांगितलं होतं देव जाणे, पण लेकीनेही ते तसंच उचललेलं. तिने मीठ टाकलं, बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि निर्धास्त झाली. रात्रभर वीज नव्हती, ते तिने हिशेबातच धरलं नाही. सोमवारी निघता निघता सगुणला पेलाभर दिला.

"जिभेक जरा चुरचुरता गो," तो म्हणाला.

"मीठ जास्त पडला आसात," ती म्हणाली. मग या भल्या माणसाने आणखी अर्धा पेला मागून घेतला.

घरापासून कारखान्याचं फाटक पाच मिनिटांवर. कारखान्यात हल्लीच नवा नियम आला होता. स्टिअरिंगला हात लावण्याआधी ड्रायव्हरने फाटकावर दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं. शून्याच्या वर आकडा दिसला की त्या दिवशी गाडी नाही, आणि पुढचं काय ते ऑफिस ठरवणार. सगुणने रोजच्यासारखं फुंकलं आणि यंत्र बोंबललं. फाटकावरच्या रखवालदाराने, बाबाजीने, ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"सगुणा, काय घेतलंस?"

"काय नाय रे."

बोलला खरा, पण स्वतःचाच आवाज ऐकून चरकला. तोंडाला भपकारा मारत असताना, तोल जात असताना, पूर्वी तो हेच म्हणायचा. आज खरं बोलत होता आणि शब्द तेच होते. महेश नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरने बस काढली. खिडकीतून बायका सगुणकडे बघत राहिल्या.

नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, एवढं त्याला कळत होतं. शुभांगीला काय सांगायचं, तेच कळत नव्हतं.

ती दारातच होती. त्याने झालं ते सांगून टाकलं. ती पुढे आली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सगुणने तोंड घट्ट मिटून घेतलं. यंत्राला सापडलं ते हिच्या नाकालाही सापडलं तर? आपण झोपेत उठून प्यालो की काय, इथपर्यंत बिचाऱ्याचं डोकं पोचलं होतं.

"हा करा."

त्याने केला. तिचा चेहरा पडला. "काजू," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

चार वर्षं हाच वास तिने उशाशी घेऊन काढली होती. सगुण उंबऱ्याबाहेरच बसला. आत जायचा आपला हक्क संपला, असं त्याला मनापासून वाटलं. एवढ्यात स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज आला. शुभांगी बाटली घेऊन बाहेर आली. बाटलीच्या तोंडाशी फेस होता.

"नीरो आंबलो ओ," ती म्हणाली. "माझ्याच हातान दिलंय तुमका. उठा, गाडी काढा."

फाटकावर तिने ऑफिसातल्या सुप्रिया मॅडमना बोलावून घेतलं. आधी सगुणला फुंकायला लावलं. शून्य. मग स्वतः फुंकलं. शून्य. मग सगळ्यांदेखत, जन्मात दारूला न शिवलेल्या या बाईने बाटलीतला एक घोट घेतला आणि पुन्हा फुंकलं. यंत्र सकाळसारखंच बोंबललं. तिने नळावर चूळ भरली, पाव तास बाबाजीच्या स्टुलावर ठाण मांडून बसली आणि परत फुंकलं. शून्य. बाबाजी तेवढ्यात उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, खात होता. ताजा पाव, पिकलेलं केळं, बाटलीतली थंड पेयंसुद्धा, सगळ्यांत कणभर अल्कोहोल असू शकतं, ते थोडा वेळ तोंडात रेंगाळतं आणि यंत्र तेवढ्यावरही वाजतं, असं मॅडमनी सांगितल्यावर त्याचा घास घशातच अडकला. दुपारी नियमात भर पडली. यंत्र वाजलं तर चूळ भरायची, पाव तास थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. संध्याकाळची बस सगुणनेच काढली.

घरी आला, उंबऱ्याबाहेर थांबला, तोंड उघडलं. शुभांगी आतून बाहेर आली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्या हनुवटीला बोट लावून तिने त्याचं तोंड मिटवलं.

"आज यंत्र माझ्यार पण वाजला," ती म्हणाली. "वास तुमी घेवा."

आणि तिने त्याच्या तोंडावर "हा" केला.

चहाचा वास होता, आणि दुपारच्या सुक्या बांगड्याचा. तू सांग, तू म्हणशील ते खरं, असं नऊ वर्षांत सगुणला कोणी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. ती आपली उंबऱ्याबाहेर उभी, त्याच्या तोंडाकडे बघत.

"ये गो," तो म्हणाला.

मग ती आत गेली.