जीप शेवटच्या वळणापर्यंत

बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला, त्यानंतर त्यांना जरा घराबाहेर काढावं म्हणून मी अलवरची एका दिवसाची सहल ठरवायला घेतली. पहाटे दिल्लीहून निघायचं, तळ्याकाठचा राजवाडा बघायचा, जेवायचं, मग जीपने अरवलीच्या डोंगरावरचा किल्ला करून परत. मला वाटलं, बाबा खूश होतील. खूश कसले! ‘जीप’ ऐकताच त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"गड पायांनी चढायचा असतो. गाडीने केलेला गड मोजत नाहीत."

बाबा सह्याद्रीतल्या एका गडाच्या पायथ्याच्या गावचे. तिथे पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच चढायचं, अशी रीत. नोकरीने त्यांना दिल्लीत आणलं. इथे संक्रांतीला पानिपतला जाऊन काला अंबच्या युद्धस्मारकापाशी डोकं टेकवायचं, तेही सपाट शेतांच्या मधोमध. "अख्खी नोकरी सपाटीवर काढली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, चाला, पण सपाटीवरच. चढ नको, जिने तर नकोतच.

"आजोबा, जीप है ना यार! चलो ना," माझी लेक म्हणाली. ती दिल्लीतच वाढलेली, तिला गड म्हणजे फोटो काढायची जागा. मी मात्र भडकले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे त्यांच्या तोंडावर म्हणाले. आई मुकाट्याने वाढत राहिली. तिच्या गप्प बसण्याचाही मला रागच आला.

नंतरचे कितीतरी शनिवार आई-बाबांकडे जेवताना हाच वाद. मी नकाशा उघडायचे, बाबा पानावरून उठायचे. आणि एकदा अचानक म्हणाले, "अच्छा, जीप तर जीप."

बाबा इतक्या सहज ऐकणाऱ्यातले नव्हेत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसमधून लवकर सुटून मी त्यांच्या सोसायटीत गेले. लिफ्टची वाट बघत असताना जिन्यातून धापा टाकल्याचा आवाज आला. कोणीतरी थांबून थांबून श्वास घेत होतं. मी धावले. दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बाबा बसले होते. मफलर घामाने ओला, ओठ पांढरे.

"बाबा, छातीत दुखतंय का?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "दम लागलाय नुसता. आईला सांगू नकोस. बिल्कुल नाही."

"सांगणार! आणि सहल कॅन्सल. मरायचंय का तुम्हाला?" मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं.

पाठोपाठ वरूनच आईचा आवाज आला. "आज इथवर आलात होय?"

ती पाण्याची बाटली घेऊन उतरत होती. दुसऱ्या हातात जिभेखाली ठेवायची गोळी. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटत होतं, गडासाठी चोरून जिने चढायच्या या सरावाचा आपण ताकास तूर लागू दिला नाही. ती मात्र रोज जिन्याच्या वरच्या वळणावर उभी राहून त्यांच्या श्वासाकडे कान लावून असायची.

"तुला माहीत होतं? आणि तू अडवलं नाहीस?" मी विचारलं.

"अटॅकनंतर हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे," आई म्हणाली. "घास भरवावा लागायचा. तू गडाचं काढलंस आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उठून बूट शोधायला लागले. आता कशी अडवू? तूच सांग."

राग होता, भीती त्याहून जास्त होती. मी तिथेच उभी राहून जीपवाल्याला फोन लावला.

"भैया, किले के गेट से पहले जो आखिरी मोड है, वहीं उतार देना. आगे हम पैदल जाएंगे."

फोन ठेवून मी बाबांना म्हणाले, "आधी डॉक्टरांना विचारायचं. ते नाही म्हणाले तर गाडी निघणार नाही. आणि वळणापर्यंत जीप, एक शब्द बोलायचा नाही."

श्वास शांत झाल्यावर बाबा कठडा धरून उठले. लिफ्टने जाऊ, असं मी म्हणत होते तोवर त्यांनी वाकून पुढच्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आई बाटली घेऊन पुढे निघाली. मी एक पायरी खाली राहून, दोन्ही हात पुढे धरून, त्यांच्या मागून चढू लागले.