तारप्याचं वळण

शेजारच्या आजोबांशी बोलायचं तर समोर येऊन बसावं लागतं. मोखाड्याच्या बाजारात मागून कितीही हाका मारा, ते नुसते हसतात. "मास्तर, आवाज येतो," ते म्हणतात, "पन समदे आवाज एकात मिसळतात. त्यातून बोलनं निवडाया आता डोक्याला येळ लागतो."

यंदा मुलानं त्यांना कानाचं मशीन आणलं. ते लावूनच आजोबा तारपा नाचायला आले. तारपेवाला मध्ये उभा राहून भोपळ्याचा लांब तारपा फुंकतो आणि त्यानं चाल बदलली की कमरेत हात गुंफलेली अख्खी रांग उलटी वळते. रांगेचं पहिलं टोक कायम आजोबांचं. पण त्या संध्याकाळी चाल बदलली आणि आजोबा सरळच गेले! मागे आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो. हसणं, गप्पा, पैंजण, तारपा... मशीन हे सगळंच सारख्या जोरानं कानात ओतत होतं.

आजोबांनी मशीन काढून खिशात टाकलं. तारपा पुन्हा घुमला, आणि काय सांगू! चाल बदलायला आणि आजोबा वळायला एकच गाठ पडली. रांग गरकन फिरली. धाप लागली तरी माझे पाय थांबेनात.

नाच संपला, अंगण शांत झालं. आजोबांनी मशीन परत कानात घातलं आणि धाकट्या नातीला समोर बसवलं.

"आता बोल. तुजा आवाज बारीक, तो तारप्यासारखा अंगात घुमत नाय."

"आजा, दमलास का?" ती अगदी हळू म्हणाली.

"ऐकलं!" आजोबा ओरडले, आणि तारपा नसताना एकटेच पुन्हा नाचायला लागले.