पुष्पावतीबाईंचा तळघरातला संडास

कोल्हारच्या पुष्पावतीबाई भाड्याच्या तळघरात शाळांचे गणवेश शिवत. हाताखाली चार बायका. संडास वर मालकाच्या घरात. आणि दार वाजवलं की मालकीणबाईंचं तोंड वाकडं. म्हणून सगळ्याजणी दिवसभर पाणीच पीत नसत. त्यापायी त्यांच्यातल्या मोनिकाला लघवीचा त्रास होऊन दवाखान्यात सलाइन लावावी लागली, तेव्हा बाई चिडल्या. मालकाकडून परवानगी काढली आणि आसाराम प्लंबरला बोलावलं.

आसारामनं कोपऱ्यातला ड्रेनेजचा पाइप पाहिला आणि कपाळावर हात मारला. पाइप जमिनीत नव्हता, भिंतीत गुडघाभर उंचावर होता.

"मावशी, बाहेरचं चेंबर तळघराच्या फरशीपरीस वर हाय. घाण काय जिना चढून जानार व्हय?"

"मग कमोड वर चढव की!"

त्यानं उंच ओटा बांधून त्यावर कमोड बसवला. बाई स्वतः बसून पाहायला चढल्या आणि उठताना डोकं बीमवर असं आपटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ओटा फोडून बुटका केला, तर पाइपाला उतारच राहिला नाही. पहिल्याच बादलीचं पाणी उलटं फिरलं आणि थेट गणवेशांच्या कापडाखाली शिरलं.

"आसाराम, मला संडास पायजे, तळं न्हाई!" बाई कापडाचे तागे उचलत ओरडल्या.

"मी तरी काय करू? पाइपच चुकीच्या कोपऱ्यात काढलाय. चेंबर हाय तुमच्या मशीनमागच्या भिंतीला लागून. तिथं केला तर ओटा ठेंगणा चालंल, अन् डोक्यावर बीमबी न्हाई."

"आन् हे आता सांगतोस?"

"पहिल्याच दिवशी सांगत हुतो. तुमीच म्हनला, मशीनला हात लावायचा न्हाई."

तळघराला खिडकी एकच, आणि ती त्याच भिंतीला. इतकी वर्षं त्याच उजेडात बाईंनी सुईत दोरा ओवला होता. त्यांनी मोनिकाकडं पाहिलं, पदर खोचला आणि स्वतःच मशीन ओढायला लागल्या.

पुन्हा भिंत फुटली, पुन्हा धूळ, शाळेतून "कपडे कधी?" म्हणून फोनवर फोन. शेवटी आसारामनं बादली ओतली. पाणी गडगडत गेलं ते परत आलं नाही.

आता बाई ट्यूबलाइटखाली बसतात. दोरा दहादा चुकतो, त्या दहादा करवादतात. परवा तर चौघींतली झुंबरबाई आत जाऊन मोबाइलवर बहिणीशी बोलत बसली. बाईंनी दारावर कैचीच आपटली.

"झुंबरे, आत संसार मांडलास का? नीघ भाईर, मला जायचंय!"