बर्वे मॅडमना वाटलं तेव्हा

बर्वे मॅडमना ‘खूप’ हा शब्द चालत नसे. एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी ओली छत्री झटकत मी वर्गात शिरले आणि कुणाला तरी म्हणाले, “बाहेर खूप पाऊस आहे.” टेबलापाशी बसलेल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “किती मिलिमीटर?” माझी छत्री फरशीवर ठिबकत होती. “भूशास्त्र शिकायला आलात ना आपण? मग वाटतं ते घरी ठेवायचं, मोजलेलं इथे सांगायचं.”

विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत सोलून काढणं, ही त्यांची खास शनिवार पेठी कला. टेकडीवर कुणी “हा थर कललेला दिसतोय” म्हणालं, की लगेच, “दिसतोय? आपल्या डोळ्यांवर अंश छापलेत का?” एकाच्या अहवालात ‘अंदाजे’ सापडलं, तर अख्खा अहवाल परत. आम्ही त्यांच्या नावानं रोज बोटं मोडायचो, आणि अडलं की त्यांच्याच दाराशी जायचो. मॅडम आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला श्रावणातला एक दिवस आठवतो.

आमचं घर धायरीत. डोंगर कापून बांधलेली सोसायटी, मागच्या बाजूचा तळमजला. कापलेल्या डोंगरातून दर पावसाळ्यात पाणी झिरपायचं, आई वैतागायची. त्या वर्षी पाऊस आठवडाभर उघडला नव्हता, आणि एका सकाळी ते पाणी अचानक बंद झालं. मी कॉलेजात मैत्रिणीला हौसेनं सांगत होते, “सुटलो बाई एकदाचे!”

सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या मॅडमनी मान वर केली. “धायरीत पाऊस थांबलाय का?”

“नाही, मॅडम.”

“मग पाणी कुठे गेलं, शिंदे?”

पाणी डोंगराच्या पोटात तुंबत होतं; दरड कोसळण्याआधी असंच होतं. हे कालपरवाच वर्गात शिकलो होतो, पण घरामागच्या डोंगराला ते लावायचं कुणाला सुचतंय!

दुपारपर्यंत मॅडम आमच्या मागच्या टेकडीवर होत्या. माथ्यावर, गवतात लपलेली एक लांबलचक भेग होती. त्यांनी तिच्यात छत्री खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. तशाच चिखलातून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “मागची सगळी घरं रिकामी करा. आत्ता.”

सोसायटीचे चेअरमन जाधवकाका पुढे आले. ही जमीन मूळची त्यांचीच. “म्याडम, डोंगर आमच्या आज्याच्या आधीपासनं हाय तिथंच हाय. परवा माझ्या पोरीचा साखरपुडा हाय हितं. कशावरनं म्हणता पडंल? मोजलंय काय?”

मॅडमनी चिखलानं माखलेली छत्री जमिनीवर टेकवली. “मोजायला वेळ नाही. मला वाटतंय.”

भेगेपेक्षा मला त्या शब्दाची जास्त भीती वाटली. बाबा दारात घुटमळत होते, बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. मॅडमनी पार्किंगमधली प्लास्टिकची खुर्ची ओढत नेली आणि डोंगराच्या अगदी पायथ्याशी मांडून बसल्या. “आपलं चालू द्या. आपण बाहेर पडलात की मीही उठेन.”

वरून एक खडा घरंगळत आला. मग दुसरा.

“अहो, उठा तिथून!” आई ओरडली. मॅडम ढिम्म. शेवटी बाबाच म्हणाले, “बॅगा भरा. ही बाई आपल्यापायी मरेल.” त्यांच्यामागोमाग एकेक घर निघालं. जाधवकाका सगळ्यात शेवटी, शिव्या घालत.

चार दिवस आम्ही जवळच्या शाळेत काढले. साखरपुडा पुढे ढकलला, पाहुण्यांत शोभा झाली ती वेगळीच. आणि डोंगर? जागचा हलला नाही. ऊन पडलं, पाणी पुन्हा झिरपायला लागलं, आम्ही मुकाट घरी आलो. सोसायटीत मॅडमचं नाव ‘डोंगरवाली’ पडलं. जाधवकाकांनी कॉलेजात तक्रार केली: लोकांना उगाच घाबरवलं, लेखी माफी हवी.

बर्वे मॅडम आणि माफी! मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले, तर त्या लिहायला बसल्याही होत्या.

“मॅडम, नका ना मागू! तुमचं काय चुकलं?”

“चुकलंच की. डोंगर पडला नाही.” पेन थांबलं नाही. मग मान वर करून म्हणाल्या, “अहो शिंदे, मी गप्प बसले असते आणि तो पडला असता, तर माफी मागायला समोर कोण उरलं असतं?”

मला रडूच फुटलं. “कागद भिजवू नका,” मॅडम म्हणाल्या.

वर्षभर सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये डोंगराला भिंत बांधायचं निघालं आणि प्रत्येक मीटिंगमध्ये चहावर संपलं. पुढच्या वर्षी भर पावसाळ्यात मॅडम आमचा तास घेत होत्या आणि दारात जाधवकाका उभे राहिले, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले.

“म्याडम, पाणी परत बंद झालंय. येता का?”

मॅडमनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “येते की. पण माफीचा कागद आधी आणा. या खेपेला सही करूनच तोंड उघडते.”

जाधवकाका हसले नाहीत. “घरं रिकामी करूनच आलोय, म्याडम.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. तास अर्ध्यावर सोडून त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली.