पणजीच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या घरात एकोणिसाव्या शतकातला फोटोंचा अल्बम आहे. कपाटातून काढायला दोन माणसं लागतात, आणि नंतर त्या दोघांची कंबर चोळायला तिसरा. आतल्या फोटोंत खुर्च्या दिसतात, खुर्चीच्या पायांवरची नक्षी दिसते, मागच्या पडद्यावर रंगवलेला समुद्रही दिसतो. खुलताबादच्या डोंगरावर जन्म काढलेल्या माणसांच्या पाठीमागं समुद्र! दिसत नाहीत ते फक्त चेहरे.

कारण आमची भक्ती. दर पितृपक्षात अल्बम पाटावर मांडायचा, पुरुषांना गंध, बायकांना कुंकू. काचेवर नव्हे, थेट फोटोवर. आणि नवं लावण्याआधी गेल्या वर्षीचं ओल्या फडक्यानं पुसायचं. शंभराच्या वर वर्षं पुसतोय आम्ही! पूर्वजांची नाकं-डोळे कधीच धुऊन गेले, मानेवर नुसते लाल डाग उरले.

हे मी हसून सोडून दिलं असतं, पण आत्या. वय पंच्याऐंशी. जन्मभर सगळ्यांनी तिला सांगितलं, तू हुबेहूब तुझ्या पणजीसारखी. पणजी तिसऱ्या पानावर, डागासकट. आत्याचं एकच मागणं, "एकदा तिचं तोंड दाव रे. उजवा डोळा गेला, डावा बी चालला."

मी अल्बम खांद्यावर मारून शहरातले झाडून सगळे फोटोवाले पालथे घातले. माझा तो खांदा अजून चार बोटं खाली आहे. एक जण म्हणाला, "साहब, इसमें औरत किधर है? ये तो कुर्सी का फोटो है!" शेवटी एक कॉम्प्युटरवाला भेटला. "यांच्यासारखं दिसणारं घरात कुणी?" त्यानं विचारलं, आणि मी शहाण्यानं आत्याचा तरुणपणचा फोटो काढून दिला.

सर्वपित्रीच्या सकाळी मोठ्या कागदावर पणजी घरी आली. नऊवारी, नथ, मागं समुद्र. आत्यानं कागद डाव्या डोळ्याशी नेला.

"ही तर मीच हाय."

"मग सगळे तेच सांगायचे ना, आत्या? हुबेहूब!"

"व्हय. पर ही कानाची पाळी? माझा डूल म्हशीनं ओढला व्हता. हिचा बी ओढला का?"

मी पणजीसाठी म्हैस शोधत होतो, तोवर वहिनीनं रिवाजाप्रमाणं फोटो पाटावर टेकवला आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू दाबलं.

"अगं ए!" आत्या ओरडली. "जित्या माणसाला पितरांत बसवती का? पूस आधी!"

वहिनी घाबरली. ओलं फडकं घेऊन तिनं खसाखसा पुसलं. ताजी शाई ती! नाक, डोळे, म्हशीनं फाडलेली पाळी, सगळं एका लाल फराट्यात गेलं. तीन महिन्यांची माझी वणवण त्या फडक्यावर. मी डोकं धरून खाली बसलो.

आत्यानं कागद पुन्हा डोळ्याशी नेला.

"आता वळखली," ती म्हणाली. "हीच पणजी. ठिव तिसऱ्या पानावर."